गाडीवरचा दिवा ही अमानत आहे

(आपत्ती व्यवस्थापनाच्या प्रशिक्षण शिबिरात तरुण कार्यकर्त्यांसमोर केलेलं भाषण)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘आपत्कालीन वाहनांवरचे दिवे आणि त्यांचे रंग’ असा विषय आहे. सकाळी प्रथमोपचार झाले, दुपारी दोरीच्या गाठी झाल्या, आता हे दिव्यांचं काय मध्येच, असं तुमच्यापैकी काहींना वाटलं असेल. पण अशा शिबिरांत चहाच्या वेळी एक प्रश्न हमखास येतो. ‘आमच्या मोहल्ल्याची ॲम्ब्युलन्स आहे, पुराच्या वेळी आमचा मदतीचा टेम्पो निघतो. त्यावर लाल-निळा दिवा लावला तर चालेल का?’

याचं छोटं उत्तर असं. आरटीओकडे ॲम्ब्युलन्स म्हणून नोंदलेल्या गाडीवर ॲम्ब्युलन्ससाठी ठरवून दिलेला दिवा चालेल. टेम्पोवर, मोटारसायकलवर, मंडळाच्या अध्यक्षांच्या गाडीवर चालणार नाही. मात्र एवढं सांगून थांबलो, तर नियम तुमच्या लक्षात राहील आणि त्यामागचं कारण सुटून जाईल. कारण पटलं नाही की माणूस पळवाट शोधतो. म्हणून जरा सविस्तर बोलतो.

सुरुवात अगदी साध्या गोष्टीपासून करू. रात्री महामार्गावर उभे राहिलात, तर समोरून येणारी गाडी पांढऱ्या दिव्यांनी कळते आणि पुढे जाणारी लाल दिव्यांनी. गाडीचा आकार दिसत नाही, वेग कळत नाही, पण ती येतेय की जातेय हे रंगावरून एका क्षणात समजतं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०८ याच गोष्टीवर उभा आहे. कुठल्याही वाहनाने पुढच्या बाजूला लाल दिवा दाखवायचा नाही आणि मागच्या बाजूला लाल सोडून दुसरा दाखवायचा नाही. त्याला मोजके अपवाद आहेत. विमानतळ किंवा बंदराच्या आवारातच फिरणाऱ्या गाड्यांवरचा पिवळसर, म्हणजे अंबर दिवा हा एक. रुग्ण नेणाऱ्या ॲम्ब्युलन्सवरचा जांभळ्या काचेचा लुकलुकणारा लाल दिवा हा दुसरा.

म्हणजे दिव्यांचे रंग ही रस्त्यावरची भाषा आहे. आपल्या मोटारसायकलच्या पुढच्या भागात कुणी हौसेने लाल एलईडी पट्टी लावतो, तेव्हा तो या भाषेत खोटं बोलत असतो. समोरून येणाऱ्या ट्रकचालकाला वाटतं, पुढची गाडी आपल्याच दिशेने चाललीय. त्याला खरं कळेपर्यंत दोघांमधलं अंतर संपलेलं असतं.

या नियमाला पूर्वी आणखी एक अपवाद होता आणि तोच सगळ्यात जास्त गाजला. ‘उच्चपदस्थ व्यक्तींना नेणारी वाहने’. कुणाला उच्चपदस्थ म्हणायचं, हे केंद्र आणि राज्य सरकारांनी ठरवायचं होतं. मग काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. याद्या लांबत गेल्या. मराठीत तर वाक्प्रचारच झाला, ‘लाल दिव्याची गाडी मिळाली’. एखाद्याला मंत्रिपद किंवा महामंडळ मिळालं की आपण असंच म्हणायचो. लक्षात घ्या, तो दिवा मुळात रस्त्यावरच्या लोकांना धोक्याची सूचना द्यायला होता. आपण त्याला मानाची पगडी करून टाकलं.

१० डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अभय सिंह विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या खटल्यात या याद्यांना लगाम घातला. लाल दिवा घटनात्मक पदांवरच्या मोजक्या व्यक्तींपुरताच ठेवा आणि मनमानी याद्या वाढवू नका, असा त्या निकालाचा रोख होता. त्यानंतर १९ एप्रिल २०१७ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने निर्णय घेतला आणि १ मे २०१७ पासून उच्चपदस्थांचा अपवादच नियमातून काढून टाकला गेला. राष्ट्रपती, पंतप्रधान, मुख्यमंत्री, न्यायमूर्ती, कुणाच्याही गाडीवर आता पदाचा दिवा नाही. जिल्ह्यातल्या अधिकाऱ्यांच्या गाड्यांवरचे अंबर दिवेही उतरले.

पण दिवा पूर्णपणे गेला नाही, तो योग्य ठिकाणी गेला. आजच्या नियमाप्रमाणे लाल, निळा आणि पांढरा असा बहुरंगी दिवा आपत्कालीन आणि आपत्ती व्यवस्थापनाच्या कामासाठी नेमलेल्या वाहनांनाच लावता येतो. ही कामं ठरलेली आहेत. आग विझवणं. कायदा आणि सुव्यवस्थेसाठी पोलीस, संरक्षण दलं आणि निमलष्करी दलांची कामगिरी. भूकंप, पूर, दरड, चक्रीवादळ, त्सुनामी अशा नैसर्गिक आपत्तींमधलं काम. आणि अणु, रासायनिक किंवा जैविक दुर्घटनांमधलं काम.

यातला ‘काम’ हा शब्द महत्त्वाचा आहे. दिवा खुर्चीला नाही, कामाला मिळतो. ती गाडी नेमलेल्या कामावर नसेल, तर तिच्यावर दिवा असूनही तो लावायचा नाही. साहेबांना विमानतळावर सोडायला जाताना नाही, लग्नाला जाताना तर नाहीच. शिवाय कुणाकुणाला परवानगी दिली आहे, याची यादी राज्याच्या परिवहन विभागाने दरवर्षी जाहीर सूचनेने लोकांना कळवायची आहे. आणि अशा गाडीच्या पुढच्या काचेवर परिवहन विभागाने दिलेलं स्टिकर असायला हवं. म्हणजे हा दिवा खरा की खोटा, हे विचारण्याचा हक्क नागरिकाला आहे. या यादीबद्दल आपण शेवटी पुन्हा बोलू.

आता प्रश्न पडेल, तीन रंग कशाला? एक पुरला नसता का?

त्याचं उत्तर आपल्या डोळ्यात आहे. दिवसा आपण डोळ्यांतल्या ज्या पेशींनी बघतो, त्या रंग ओळखतात. अंधार पडला की दुसऱ्या पेशी जास्त काम करतात. त्या मंद उजेडातही टिपतात, पण लाल रंगाच्या बाबतीत त्या जवळजवळ आंधळ्या असतात आणि निळसर-हिरव्याकडे जास्त संवेदनशील. चेक शास्त्रज्ञ पुर्किंजे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे फुलांकडे बघताना टिपलं होतं. दिवसा भडक दिसणारं लाल फूल संध्याकाळी काळपट होतं आणि निळी फुलं, हिरवी पानं उजळ वाटतात. म्हणून रात्री निळा दिवा लांबून नजरेत भरतो. दुसरं असं की रात्री रस्त्यावर लाल दिव्यांची आधीच गर्दी असते. प्रत्येक गाडीचा मागचा दिवा लाल, ब्रेकचा लाल, सिग्नलचा लाल. त्या गर्दीत आणखी एक लाल ठिपका हरवून जातो. निळा मात्र नेहमीच्या वाहतुकीत कुठेच नसतो.

मग फक्त निळाच का नाही? कारण भर उन्हात निळा फिका पडतो आणि लाल उठून दिसतो. शिवाय ‘लाल म्हणजे धोका’ हे लहानपणापासून मनात बसलेलं असतं. काही लोकांना, विशेषतः पुरुषांना, लाल-हिरवा नीट ओळखता येत नाही. त्यांच्यासाठी निळा आणि पांढरा कामाला येतो. पांढरा सगळ्यात प्रखर, लांबून लक्ष वेधणारा. पण तो एकटा असेल तर साध्या हेडलाइटसारखाच दिसेल. एकाची उणीव दुसरा भरून काढतो, म्हणून तिघे मिळून.

जगभर हा हिशोब वेगवेगळ्या पद्धतीने मांडला गेला. जर्मनीत १९३० च्या दशकात निळा दिवा आला. हवाई हल्ल्यांच्या भीतीने पाळायच्या अंधारपटाचं कारण त्यामागे सांगितलं जातं. ब्रिटनमध्ये पोलीस, अग्निशमन आणि ॲम्ब्युलन्स या तिन्हींचे दिवे निळे आहेत आणि तातडीच्या भेटीला निघालेल्या डॉक्टरसाठी हिरवा.

आपल्याला जास्त शिकवणारं उदाहरण अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्याचं आहे. तिथे गावोगावी अग्निशमनाचं काम स्वयंसेवक करतात, तुमच्यासारखेच. दिवसा कुणी दुकानात असतो, कुणी शाळेत शिकवतो, आणि बोलावणं आलं की स्वतःच्या गाडीने निघतो. कायद्याने अशा अग्निशमन स्वयंसेवकाला आपल्या खासगी गाडीवर निळा दिवा लावता येतो आणि ॲम्ब्युलन्स पथकाच्या स्वयंसेवकाला हिरवा. पण त्यासाठी पथकाच्या प्रमुखाची लेखी परवानगी लागते. आणि मुख्य म्हणजे त्या दिव्याने त्याला रस्त्यावर कुठलाही हक्क मिळत नाही. सिग्नल तोडता येत नाही, वेगमर्यादा ओलांडता येत नाही. लाल दिव्याची अग्निशमन गाडी हक्काने पुढे जाते. निळ्या दिव्याचा स्वयंसेवक फक्त विनंती करतो, ‘मी मदतीला निघालोय, जमलं तर वाट द्या’. आपल्याकडे स्वयंसेवकांसाठी असा वेगळा रंगच नाही. मग आपण काय करतो? लाल-निळा लावून विनंती सोडून सरळ हुकूमच सोडतो.

आता मुद्द्याच्या गाभ्याकडे येऊ. दिवा बघून लोक बाजूला का होतात? कायदा आहे, हे एक कारण. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १९४-ई आलं. बंब, ॲम्ब्युलन्स किंवा इतर नेमलेल्या आपत्कालीन वाहनाला वाट दिली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. २०१७ च्या वाहन चालवण्याच्या नियमावलीत तर आपत्कालीन गाड्यांमधलाही क्रम लावलेला आहे. आधी बंब, मग ॲम्ब्युलन्स, मग पोलीस, मग पाणी-वीज-वाहतूक पूर्ववत करणाऱ्या गाड्या. पण खरं सांगू का? तुंबलेल्या रस्त्यावर पावती फाडायला कुणी उभा नसतो. तरी रिक्षावाला फुटपाथवर चाक चढवून वाट करून देतो. का? कारण त्याचा विश्वास असतो की आत कुणीतरी मरणाच्या दारात आहे.

हा विश्वास म्हणजे सगळ्यांची मिळून असलेली ठेव आहे. रिकामी ॲम्ब्युलन्स सायरन वाजवत नाक्यावर जाते, ड्रायव्हर उतरून चहा पितो, आणि हे चार रिक्षावाले बघतात. त्या दिवशी या ठेवीतून काहीतरी काढलं जातं. मय्यत गाडीवर सायरन लावून कब्रस्तानात लवकर पोहोचायची घाई होते, तेव्हा काढलं जातं. घरातल्यांचं दुःख मोठं आहे, त्याचा मान राखायलाच हवा. पण दफनासाठी सिग्नल तोडण्याची गरज नसते. एखाद्या नेत्याचा ताफा हौसेने दिवे लुकलुकवत जातो, तेव्हा काढलं जातं. आणि मग एके रात्री खरोखर हृदयविकाराचा रुग्ण आत असतो, दिवा लुकलुकत असतो, आणि पुढचा रिक्षावाला म्हणतो, ‘यांचं रोजचंच आहे’. ठेव संपलेली असते. किंमत कोण देतं? ज्याने कधीच खोटा दिवा लावला नव्हता, तो.

म्हणून मी म्हणतो, दिवा ही अमानत आहे. अमानत हा शब्द आपल्या घराघरांत वापरला जातो. दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे विश्वासाने ठेवलेली. ती मिरवायची नसते, सांभाळायची असते. ॲम्ब्युलन्सवरचा दिवा ड्रायव्हरचा नाही, ट्रस्टचा नाही, जमातीचा नाही. जो आत झोपलेला आहे, त्याचा आहे.

इथे एक आक्षेप येतो आणि तो मला टाळायचा नाही. ‘भाई, मोठ्या लोकांना कोण विचारतं? बंदी येऊन इतकी वर्षं झाली, तरी दिवे दिसतातच. अडवतात ते आपल्या पोरांना.’ यात तथ्य आहे. २०२४ मध्ये पुण्यात एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या खासगी आलिशान गाडीवर दिवा असल्याचं प्रकरण देशभर गाजलं. पण ते गाजलं का, हेही बघा. नियम स्पष्ट होता म्हणून. लोकांना तो माहीत होता, प्रश्न विचारले गेले, आरटीओची नोटीस गेली, पोलिसांनी गाडी ताब्यात घेतली. नियम नसता तर त्या दिव्याकडे कुणी मान वर करून बघितलंही नसतं. नियम मोठ्यांनी मोडला म्हणून आपणही मोडला, तर त्यांना जाब विचारायचं तोंड आपल्याला राहत नाही. ज्याची स्वतःची गाडी साफ, तोच दुसऱ्याच्या गाडीकडे बोट दाखवू शकतो.

दुसरी गोष्ट. पुराच्या वेळी रात्री दीड वाजता नाकाबंदीवर तुमचा टेम्पो अडवला जातो. आत चादरी, पाण्याच्या बाटल्या, औषधं. वर अनधिकृत दिवा लुकलुकतोय. त्या क्षणी चर्चा चादरींची होत नाही, दिव्याची होते. अर्धा तास जातो, कधी गाडीच जमा होते. दिव्याने वेळ वाचेल असं वाटलं होतं, त्यानेच वेळ खाल्ला. याउलट तुमच्याकडे तहसील कार्यालयाचं पत्र असेल, गाडीत काय आहे त्याची यादी असेल आणि जिल्हा नियंत्रण कक्षाला तुम्ही निघाल्याचं कळवलेलं असेल, तर बोलणं दोन मिनिटांत संपतं.

हे पत्र मागायला लाजू नका. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ प्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण असतं. याच कायद्याच्या कलम ६५ प्रमाणे बचावासाठी खासगी वाहनंही सरकारला ताब्यात घेता येतात आणि पुढच्याच कलमात त्यांच्या मोबदल्याची तरतूद आहे. म्हणजे तुमच्या टेम्पोला, नावेला, ट्रॅक्टरला अधिकृतपणे कामाला लावायचा रस्ता कायद्यातच आहे. १०७७ हा जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक फोनमध्ये टाकून ठेवा. पावसाळ्याआधी मे महिन्यात जाऊन भेटा. आपल्या गाड्यांची, पोहणाऱ्यांची, ड्रायव्हरांची यादी देऊन या. ‘आपदा मित्र’ प्रशिक्षण निघालं की नावं नोंदवा. मुलींनीही. पुरात अडकलेल्या घरातल्या बाईला बाहेर काढताना तुमची गरज जास्त लागते.

मग मदतीच्या गाडीवर लावायचं तरी काय? अगदी साधं. मागे-पुढे चांगले रिफ्लेक्टर. ठळक अक्षरांत ‘मदत साहित्य’ असा कापडी फलक. हेडलाइट, ब्रेकलाइट, इंडिकेटर चालू स्थितीत. हे तपासायला पाच मिनिटं लागतात आणि तेच राहून जातं. चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लुकलुकवत धावू नका. तुम्ही डावीकडे वळताय की उजवीकडे, ते मागच्याला कळत नाही. ते गाडी उभी असतानासाठी आहेत. प्रत्येक स्वयंसेवकाला चमकणाऱ्या पट्ट्यांचं जॅकेट द्या. रात्री अपघाताच्या जागी लुकलुकणाऱ्या दिव्यांच्या झगमगाटात गडद कपड्यातला माणूस दिसतच नाही. म्हणूनच जागेवर पोहोचल्यावर ॲम्ब्युलन्सवाल्यांनीही गरजेपेक्षा जास्त झगमगाट ठेवू नये. येणाऱ्या ड्रायव्हरचे डोळे दिपले, तर दुसरा अपघात तिथेच होतो.

आता आपल्या गल्ल्यांबद्दल. आपण दिवा लावायचा की नाही, यावर इतकं बोललो. पण ज्याच्यावर खरा दिवा आहे, तो बंब आपल्या मोहल्ल्यात शिरू शकतो का?

१६ जुलै २०१९ ला मुंबईत डोंगरीत केसरबाई इमारतीचा भाग कोसळला. गल्ली इतकी चिंचोळी की बंब आणि ॲम्ब्युलन्स जवळ नेता येईनात. लोकांनी माणसांची साखळी केली आणि हातोहात ढिगारा उपसला. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे भिवंडीत जिलानी इमारत कोसळली, तेव्हाही सगळ्यात आधी शेजारीपाजारीच धावले. त्या हातांना सलाम. पण हात पुरे पडत नाहीत म्हणूनच तर गाड्या लागतात. गल्ली रुंद करणं आपल्या हातात नाही, त्यासाठी पालिकेशी भांडावं लागेल आणि ते भांडूच. पण त्याच गल्लीत दोन्ही बाजूंना लावलेल्या स्कूटर, दुकानाबाहेर आलेलं सामान, जलशाचा मांडव, रमजानच्या संध्याकाळी रस्त्याच्या मध्यापर्यंत आलेले ठेले, हे सगळं आपलंच आहे. रस्त्यातला अडथळा दूर करणं हे पुण्याचं काम, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. बंबाच्या वाटेतली स्कूटर हलवणं हे त्यातच मोडतं.

म्हणून इथून जाताना तीन कामं घेऊन जा.

पहिलं, या रविवारी आपल्या मोहल्ल्यात मोजपट्टी घेऊन फिरा. बंब कुठपर्यंत येऊ शकतो, कुठे अडतो, पाण्याचा हायड्रंट किंवा टाकी कुठे आहे, याचा एका कागदावर नकाशा काढा. तो जवळच्या अग्निशमन केंद्रात नेऊन द्या आणि तिथल्या जवानांना एकदा गल्ली बघायला बोलवा.

दुसरं, आपल्या मंडळांच्या, ट्रस्टच्या सगळ्या गाड्या तपासा. ॲम्ब्युलन्सची नोंद, विमा, दिवा, सायरन नियमात आहे का? रुग्ण नसताना सायरन बंद, हा नियम ड्रायव्हरला लेखी द्या. बाकीच्या गाड्यांवर दिवे असतील, तर ते याच आठवड्यात उतरवा. कुणी विचारण्याची वाट बघू नका.

तिसरं, माहितीच्या अधिकारात परिवहन विभागाकडे अर्ज करा. आपल्या जिल्ह्यात बहुरंगी दिव्याची परवानगी कुठल्या प्राधिकरणांना आहे आणि या वर्षीची जाहीर सूचना कधी निघाली? दहा रुपयांचं काम आहे. उत्तर आलं की ते मोहल्ल्यातल्या ग्रुपवर टाका आणि मशिदीजवळच्या, नाक्यावरच्या फलकावर लावा. कुणाचा दिवा खरा, हे लोकांना कळू द्या.

आणि उद्या रस्त्यावर मागून लाल-निळा-पांढरा दिवा दिसला, तर डावीकडे व्हा, थांबा, जाऊ द्या. ती गाडी पुढे गेली की लगेच तिच्या मागे लागून आपली वाट काढू नका. ती वाट तुमच्यासाठी झालेली नसते.